पिठाचं पिंप आणि फेडलेले पैसे

ग्योतोकुबद्दल एक जुनी म्हण आहे: ग्योतोकुत घरं हजार आणि देवळं शंभर. एदो काळात हे मिठागरांचं गाव होतं. तोकुगावांच्या राजवटीत इथलं मीठ कालव्यातून होड्यांनी एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जायचं. १९६९ साली तोझाई लाईन आली आणि गावाचं उपनगर झालं. आता इथे अपार्टमेंट्स, सायकली आणि बरेचसे परदेशी लोक. देवळं मात्र अजून आहेत.

आता समजा, अशा गावात दहा-बारा ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटली. पुढे काय होतं? सुरुवात कुणाच्या तरी दिवाणखान्यात होते. सहा तातामींची खोली, त्यात बारा माणसं, आणि भिंती इतक्या पातळ की दुसऱ्याच गाण्याला शेजारी अस्वस्थ. मग जागेचा शोध सुरू. कोमिनकान, म्हणजे सरकारी समाजमंदिर, स्वस्त असतं. पण १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याच्या २३व्या कलमाप्रमाणे कोमिनकानला कुठल्याही एका धर्माला पाठबळ देता येत नाही. तेव्हा उपासनेसाठी खोली मागितली की तिथला माणूस फार नम्रपणे मान तिरकी करतो, आणि जपानात त्याचा अर्थ 'नाही' असा असतो :-) उरतो तो भाड्याचा हॉल किंवा दुकानाचा गाळा. धार्मिक संस्था म्हणून नोंदणी करायची तर १९५१ च्या कायद्याप्रमाणे स्वतःची उपासनेची जागा, नियमावली आणि प्रांताच्या राज्यपालाची मान्यता हवी. म्हणजे मंडळी आधी, कागद नंतर. मला हा क्रम योग्यच वाटतो.

आपल्याकडे हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "पैसा कुणाचा?" प्रश्न रास्त आहे. पण तो बहुतेक वेळा चुकीच्या वर्षी विचारला जातो. पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक संस्थेला बाहेरचा टेकू लागतोच. आपल्या मराठी मंडळांनाही लागतो. खरा प्रश्न दहाव्या वर्षी विचारायचा: आता भाडं कोण भरतं आणि ठरवतं कोण?

याचं उत्तम उदाहरण जपानातच आहे. १८७६ साली विल्यम क्लार्क हा अमेरिकन साप्पोरोच्या शेतकी महाविद्यालयात आला आणि वर्षभराच्या आत परतला. जाण्यापूर्वी, १८७७ मध्ये, त्याने विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन 'येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांचा करार' केला. पुढच्या तुकडीत उचिमुरा कान्झो आणि नितोबे इनाझो होते. वरच्या वर्गातल्या मुलांनी त्यांच्या मागे लकडा लावून सह्या करून घेतल्या, असं उचिमुराने स्वतःच लिहिलंय. (हॉस्टेलचं जग सगळीकडे सारखंच!) १८७८ च्या जूनमध्ये सात जणांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांची वसतिगृहातच सभा भरू लागली. पाद्री कुणीच नाही. दर रविवारी पाळी बदलायची. व्यासपीठ म्हणजे पिठाचं पिंप, त्यावर घोंगडी.

पुढे त्यांना घर हवं झालं. मेथॉडिस्ट मिशनकडून पैसे मिळाले. पण या मुलांना कुठल्याच परदेशी पंथाचं होऊन राहायचं नव्हतं. मग १८८२ च्या अखेरपर्यंत, नुकत्या लागलेल्या नोकऱ्यांच्या पगारातून, त्यांनी ते पैसे फेडले. साप्पोरोचं ते स्वतंत्र चर्च आजही आहे. माझ्या मते त्या चर्चचा खरा जन्म सह्यांच्या किंवा बाप्तिस्म्याच्या दिवशी झाला नाही, शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी झाला.

आता आपल्या नगरकडे येऊ (आता अहिल्यानगर). अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ मध्ये सुरू झालं. शाळा, दवाखाने, दुष्काळात अन्न, नोकऱ्याही मिशनच्याच. त्यामुळे मंडळ्या मिशनवर अवलंबून राहिल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण "पोटासाठी बाटले" एवढ्यावर विषय मिटवणारे हिशेबाची दुसरी बाजू पाहत नाहीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं घर मोडलं. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. आणि आजचं म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. आमिषासाठी धर्म बदलणाऱ्याच्या दृष्टीने हा फारच तोट्याचा सौदा म्हणायचा!

गंमत म्हणजे टिळक ख्रिस्ती झाले त्याच वर्षी, १८९५ मध्ये, उचिमुराचं 'मी ख्रिस्ती कसा झालो' हे पुस्तक आलं. दोघांचं दुखणं एकच: ख्रिस्त हवा, पण त्याचा साहेबी कोट नको. उचिमुराने पुढे 'मुक्योकाई', म्हणजे चर्चविना ख्रिस्ती धर्म, अशी वाट काढली. टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फारसा वाढला नाही. गाणी मात्र राहिली. मराठी चर्चमध्ये आजही ती म्हटली जातात, कारण ती लोकांची झाली होती.

म्हणून मला वाटतं, लहानशी मंडळी वाढतेय की नुसती फुगतेय हे डोकी मोजून कळत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात. बोलणारा माणूस बदलतो का? गाणी स्वतःच्या भाषेत आहेत का? आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात आहे? जपानात ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का. दीडशे वर्षांच्या कामानंतर हा आकडा पाहून कुणी हसेलही. पण त्या एका टक्क्यात पिठाच्या पिंपामागे पाळीने उभे राहणारे विद्यार्थी होते, आणि त्यांनी घेतलेला पैसा न पैसा परत केला. धर्मांतराच्या वादात तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी आधी ती वही उघडून बघावी. ग्योतोकुच्या एखाद्या गाळ्यात रविवारी जमणाऱ्या बारा जणांनीही.