गाठ पक्की, शेजार कच्चा

बडोद्यात मराठी कुटुंब तीन पिढ्या राहिलं की घरात झोपाळा येतोच. आमच्याकडचा आजीचा आहे. गेल्या महिन्यात दुपारी ती चहा ठेवायला उठली आणि मागे धाडकन आवाज झाला. झोपाळ्याचा एक कोपरा जमिनीवर. छताजवळचा आकडा तुटला होता. आजी अजून मिनिटभर बसली असती तर... हे वाक्य मी अजून पूर्ण केलेलं नाही.

हाच आकडा आम्ही दिवाळीआधी वेल्डिंग करून घेतला होता. सगळे म्हणाले, वेल्डिंग कच्चं मारलं असणार. पण वेल्डिंगची गाठ शाबूत होती! आकडा तुटला होता तिच्या अगदी शेजारी, आणि जराही न वाकता. खडीसाखरेचा खडा मोडावा तसा.

मी इंग्रजीत बीए. लोखंडाशी माझा संबंध कढईपुरता. म्हणून तुकडे घेऊन खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. त्यांचं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलंय. तुकडा उन्हात धरून ते म्हणाले, "याला पाणी दिलंय कोणीतरी."

लोहार विळ्याला पाणी देतो, तेच हे. लालबुंद पोलाद झटकन गार केलं की ते कडक होतं आणि ठिसूळही. लोहाराला हे माहीत असतं, म्हणून तो विळा पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा उतरवतो. वेल्डिंगमध्ये हेच न मागता घडतं. गाठीशेजारचे काही मिलिमीटर लोखंड वितळत नाही, पण लालभडक होतं आणि बाकीची थंड सळई त्यातली उष्णता भराभर ओढून घेते. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा कमी असतो, त्यामुळे ते एवढं सहन करतं. आमचा आकडा मात्र गाडीच्या जुन्या स्प्रिंगचा निघाला. त्यात कार्बन दुपटीहून जास्त. वर कारागिराने घाई म्हणून त्यावर बादलीतलं पाणी ओतलेलं मी स्वतः पाहिलं होतं. चुर्रर्र आवाज झाला तेव्हा मजा वाटली होती.

यात जाते ती तन्यता, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जाण्याचा गुण. साधं बांधकामाचं पोलाद तुटण्याआधी स्वतःच्या लांबीच्या वीस टक्क्यांहून अधिक ताणलं जाऊ शकतं. घराच्या सळईवर '५०० डी' लिहिलेलं असतं, त्यातला डी याच गुणाचा: साध्या ५०० ला किमान १२ टक्के ताण लागतो, डीला १६. ताणणारं लोखंड आधी वाकतं, म्हणजे सांगून तुटतं. ठिसूळ सांगत नाही.

जहाजंही यातून सुटली नाहीत. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला 'स्केनेक्टेडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज उभं होतं. पाणी शांत, थंडी कडक, आणि जहाज मधोमध दुभंगलं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी त्या काळातल्या अशा जहाजांचं पोलाद तपासून दाखवलं, की थंडीत ते ठिसूळ होतं. रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेला थांबण्याची शक्यता असे. वेल्डिंगने सगळं जहाज एकसंध केलं, त्यामुळे भेगेला वाट मोकळी मिळाली.

दमट रॉड हे आणखी एक दुखणं. ओलाव्यातला हायड्रोजन कडक झालेल्या भागात शिरतो आणि भेग कधीकधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी पडते. म्हणजे काम झाल्याझाल्या ठोकून बघितलं तर सगळं ठीकच वाटणार. काकांचा हिशोब सोपा: लोखंड कसलं आहे ते आधी विचारायचं, रॉड कोरडे हवेत, कार्बन जास्त असेल तर जोडाचा भाग आधी गरम करायचा, नंतर सावकाश निवू द्यायचा. पाणी अजिबात नाही. आणि माणूस ज्यावर लटकतो, त्या आकड्याला शक्यतो वेल्डिंगच नको.

आता चारही आकडे नवे आहेत, अखंड सळई तापवून वाकवलेले. आजी पहिल्या दिवशी बसायला तयार नव्हती. मग तिने आधी मला बसवलं, पाच झोके घ्यायला लावले, वर बघत राहिली, आणि म्हणाली, "ऊठ आता."