आडवे कोणी नाही, तरी घंटा का वाजते?



आष्टी, पाटोदा या बालाघाटच्या डोंगरकडेच्या भागात रानडुकरांचा उपद्रव नवा नाही. भुईमूग उकरतात, मका लोळवतात, आणि राखण करून माणूस थकतो. काही घरांतल्या शिकत्या पोरांनी यावर घरीच इलाज केला आहे. बांधाच्या एका टोकाला डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा दिवा, दुसऱ्या टोकाला तो किरण ओळखणारा ‘डोळा’. मध्ये जनावर आले की किरण तुटतो आणि घरात घंटा वाजते.

युक्ती चांगली आहे. पण घंटा वेळी-अवेळी वाजू लागली की दोन रात्रींत घरातले कंटाळतात आणि पेटी माळ्यावर जाते. मग कोणीतरी म्हणतो, "त्यापेक्षा तारेत करंट सोडू." बंधूंनो, तिकडे वळू नका. त्या तारेला डूक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. रात्री दारे धरायला निघालेला शेजारी, आपलाच बैल, आपलेच पोर तिला चिकटू शकते. शिवाय तो गुन्हा आहे. म्हणून पेटी टाकून देण्याआधी पुढची तपासणी याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट तपासा.

१. वीज. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी पुष्कळजण वापरतात. ‘टीएसओपी १७३८’ हा नेहमीचा डोळा मात्र ५ व्होल्टवर चालतो. १२ व्होल्ट थेट दिले की तो जातो. मध्ये ‘७८०५’ हवाच. मीटर लावून मोजा, आणि घंटा वाजत असतानाही मोजा. तेव्हा व्होल्ट खाली येत असतील तर बॅटरी थकली आहे.

२. दिवा. तो लागला की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहा, जांभळट ठिपका दिसेल. काही मोबाईलचा मागचा कॅमेरा हा उजेड अडवतो, म्हणून पुढच्यातूनही पाहा. ठिपका नसेल तर दिव्याचे पाय उलटे लागले असतील. लांब पाय धन बाजूला.

३. डोळा. आपला दिवा बंद करा. ५ व्होल्टची धन बाजू आणि डोळ्याचा घंटेकडे जाणारा पाय यांच्यामध्ये एक छोटा लाल दिवा आणि १,००० ओहमचा रोधक लावा. आता टीव्हीचा रिमोट डोळ्यासमोर धरून दाबा. लाल दिवा लुकलुकला तर डोळा शाबूत आहे, दोष दुसरीकडे शोधा.

४. सूर. रेडिओ जसा एकाच स्टेशनला लावावा लागतो, तसा हा डोळा सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकणारा उजेडच ओळखतो. ‘५५५’ची जोडणी असेल तर दिवा त्या आकड्याजवळ आणावा लागतो. १ हजार व १८ हजार ओहमचे रोधक आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर सुमारे ३९,००० येतात. १८ हजारांच्या जागी २२ हजारांचा प्रिसेट बसवला तर हळूहळू फिरवून नेमका सूर सापडतो.

पुष्कळ पेट्या पुढच्या गोष्टीपाशी अडतात. सुरू केल्यावर क्षणभर सगळे ठीक असते, मग आडवे कोणी नसताना घंटा वाजतच राहते. १७३८ हा रिमोटसाठी बनवलेला आहे. तोच उजेड अखंड येत राहिला की तो त्याला गोंगाट समजून दुर्लक्ष करतो. सर्किट बिघडलेले नसते, डोळाच चुकीच्या कामाला लावलेला असतो. सोपा उपाय म्हणजे अशा अखंड किरणासाठीच बनवलेला ‘टीएसएसपी ४०३८’ घ्या. त्याच्या पायांचा क्रम वेगळा आहे, पत्रक पाहूनच जोडा.

५. ऊन. रात्री नीट आणि दिवसा वेडीवाकडी चालत असेल तर ऊन कारणीभूत आहे. उन्हातही हेच अदृश्य किरण असतात. ठिबकच्या १६ मिलिमीटर काळ्या नळीचा वीतभर तुकडा डोळ्यापुढे बसवा आणि डोळ्याचे तोंड उत्तरेला ठेवा.

६. वाट. कोळ्याचे जाळे, दव, धूळ, वाऱ्याने हलणारे मक्याचे पान, यांतले काहीही किरण तोडते. दर आठवड्याला काच पुसा, वाटेतले गवत कापा. खांब पक्के रोवा. खांब बोटभर कलला तरी पलीकडच्या टोकाला किरण हातभर सरकतो.

घंटा रिलेवर असेल आणि एकदा वाजून पुन्हा आपोआप वाजत असेल, तर रिलेच्या गुंडाळीवर ‘१एन४००७’ डायोड उलटा लावा, त्याची पट्टी धन बाजूला. डोळ्याच्या वीजवाटेवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही द्या.

एक इशारा देतो. ही घंटा फक्त सांगते, अडवत नाही. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, ते आपण विसरलेलो नाही. घंटा वाजली म्हणून काठी घेऊन एकट्याने अंधारात धावू नका. बॅटरीचा झोत टाका, आवाज करा, सोबत घेऊनच निघा. बिबट्याची शंका आली तर घरातच थांबा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पोरांनी बनवलेली पेटी माळ्यावरून खाली काढा. एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून वरचा क्रम पुरा करा. पिकाइतकीच त्यांच्या हातच्या कलेचीही राखण व्हायला हवी.