टॅबवरच्या 'नको'चाही मान ठेवा

दिवसभरात व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही किती स्टिकर टाकता, मोजलंय कधी? लेक्चर बोअर झालं की एक स्टिकर, ट्रिप कॅन्सल झाली की रडका इमोजी, घरून 'जेवलास का?' आलं की नुसता अंगठा. शब्द एकही नसतो, तरी समोरच्याला सगळं कळतं. 'एवढे स्टिकर टाकू नकोस, बोलायचं विसरशील,' असं तुम्हाला कुणीही म्हणत नाही.

आता हीच चित्रं एका लहान मुलाच्या हातात द्या. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा आणखी कुठल्या कारणामुळे त्याला बोलता येत नाही, किंवा मोजकेच शब्द येतात. टॅबवरच्या पाण्याच्या चित्रावर तो बोट ठेवतो आणि टॅब म्हणतो, 'मला पाणी हवंय.' लगेच घरातलं नाहीतर शेजारचं कुणीतरी पुढे येतं, "याची सवय लावू नका हं, मग तो बोलणारच नाही."

बोलणारा काळजीपोटीच बोलतो. पण या एका वाक्यापायी मुलांची भाषा शिकायची वर्षं नुसती वाट बघण्यात जातात. ही भीती खरी आहे का, हे संशोधकांनी तपासून पाहिलंय. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांच्या नोंदी भरवशाच्या होत्या अशा २७ जणांची माहिती एकत्र पाहिली गेली. अशा साधनांमुळे त्यांच्यातल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं थोडंफार वाढलंच होतं. ही वाढ फार मोठी नव्हती, चमत्कार तर अजिबात नव्हता. पण 'सवय लागेल' या भीतीला उत्तर द्यायला एवढं पुरेसं आहे.

या पद्धतींना 'ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन', म्हणजे 'एएसी' म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी सुरुवात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांपासूनही होते. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' हे अ‍ॅपही आपल्याकडे वापरलं जातं. बोट नेमकं टेकवता येत नसेल तर मोठ्या बटणाचा स्विच असतो, नजरेवर चालणारी यंत्रं असतात. १९८५ साली ऑपरेशननंतर आवाज गमावलेले स्टीफन हॉकिंग पुढे गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर कॉम्प्युटर चालवायचे आणि जग कान देऊन ऐकायचं. इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या मुंबईच्या मालिनी चिब सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या. एका बोटाने टाइप करत त्यांनी 'वन लिटिल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिलं. 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' हा सिनेमा त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेला.

मग अडतं कुठे? आमच्या मते, ऐकणाऱ्यांपाशी.

आपण मराठी कशी शिकलो, आठवून बघा. पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर घरातली सगळी आपल्याशी मराठीत बोलत होती. टॅबवर बोलणाऱ्या मुलाभोवती मात्र टॅबवर बोलणारं दुसरं कुणीच नसतं. आपण तोंडाने बोलतो आणि त्याने चित्रांनी बोलावं अशी अपेक्षा धरतो. म्हणून थेरपिस्ट घरच्यांना सांगतात, की तुम्हीही बोलता बोलता चित्रांवर बोट ठेवा. 'चल, बाहेर जाऊ' म्हणताना 'चल' आणि 'बाहेर' दाबा. दहा वेळा, शंभर वेळा. मुलाने लगेच तसंच करावं असा हट्ट नको.

दुसरी गोष्ट आहे थांबण्याची. त्याला चित्र शोधायला, हात तिथवर न्यायला वेळ लागतो. आपल्याला दोन सेकंदांची शांतताही सहन होत नाही. आपण वाक्य पुरं करून मोकळे होतो, नाहीतर त्याच्या आईला विचारतो, 'त्याला काय पाहिजे?' तो समोर बसलेला असतो! मनात दहापर्यंत आकडे मोजा आणि त्याच्याकडे बघत थांबा. एवढं जमलं तरी पुष्कळ.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक वेळा मोठी माणसं या मुलांना आधी मागायला शिकवतात. पाणी, बिस्किट, शू. 'हे काय आहे?' विचारून परीक्षाही घेतात. पण 'नको', 'थांब', 'दुखतंय', 'मला हात लावू नकोस', 'त्याने मला मारलं' ही चित्रं त्या स्क्रीनवर असतात का? ज्या मुलाला तक्रारच करता येत नाही, त्याच्याशी कुणी कसंही वागू शकतं. समजा, आठ वर्षांची एक मुलगी पाहुण्यांसमोर टॅबवर 'नको' दाबते आणि सगळे हसून तिला तरीही मांडीवर घेतात. त्या दिवशी ती एकच गोष्ट शिकते, की आपल्या 'नको'ला किंमत नाही. पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा ती ते बटण दाबेल का?

म्हणूनच 'दंगा केलास, आता टॅब बंद' ही शिक्षा आम्हाला भयंकर वाटते. तुमचा मोबाइल काढून घेणं आणि तिचा टॅब काढून घेणं यांची बरोबरी होत नाही. चिडलेल्या मुलाचं तोंड आपण चिकटपट्टीने बंद करतो का? 'खराब होईल' म्हणून कपाटात जपून ठेवलेला टॅबही तेच करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच अशा पूरक आणि पर्यायी पद्धती धरल्या आहेत. तेव्हा हे साधन शाळेत, लग्नात, खेळाच्या मैदानात मुलासोबत असणं हा लाड नाही, त्याचा हक्क आहे.

यात तुमचं काय काम, असं वाटत असेल तर ऐका. या मुलांचे शब्द भरतात ती मोठी माणसं. त्यामुळे स्क्रीनवर 'कृपया' आणि 'धन्यवाद' सापडतं, पण 'चल ना रे', 'लय भारी', 'बोअर झालं', 'गप ए' सापडत नाही. आठ-दहा वर्षांचं पोर असं बोलतं का? तुमचा चुलतभाऊ, शेजारची मुलगी असं साधन वापरत असेल, तर घरच्यांना आणि थेरपिस्टला विचारून तिच्या वयाचे, तुमच्या भागातल्या बोलीचे शब्द त्यात घाला. तिच्याच वयाच्या मुलीच्या आवाजात रेकॉर्ड करा. घरी वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असतील तर टॅबनेही तसंच बोलावं. इंजिनीअरिंगला असाल तर फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी एक साधा, स्वस्त स्विच बनवून बघा, आणि सबमिशननंतर तो धूळ खात ठेवू नका. एनएसएसचे तास भरायचे असतील तर जवळच्या विशेष शाळेत जा. फळं वाटून, फोटो काढून परत येऊ नका. एका मुलासोबत बसा, त्याचं साधन कसं चालतं ते त्याच्याकडून शिकून घ्या.

पहिल्याच दिवशी तो कदाचित तुमच्यासमोर 'जा' दाबेल. हसू नका, रागावूही नका. 'बरं, जातो' म्हणा आणि खरंच उठा. आपण बोललो की माणसं ऐकतात, हे त्याला त्या दिवशी कळेल. पुढच्या वेळी तो 'ये'सुद्धा दाबेल.