विश्लेषण : रोज बॅकअप घेऊनही डेटा परत का मिळत नाही?

जपानच्या क्योटो विद्यापीठातील सुपरकॉम्प्युटरवरून डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ७७ टेराबाइट डेटा, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फाइल्स पुसल्या गेल्या. हा हॅकरचा हल्ला नव्हता. बॅकअप यंत्रणेच्याच सदोष स्क्रिप्टने त्या डिलीट केल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांपैकी ४ गटांचा डेटा कायमचा गेला. त्यानंतर विद्यापीठाने इन्क्रिमेंटल बॅकअपचीही जोड देण्याचे जाहीर केले. मात्र या पद्धतीतही धोके आहेत.

इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणजे काय?

समजा, रविवारी सगळ्या फाइल्सची पूर्ण प्रत घेतली. सोमवारपासून रोज फक्त आदल्या बॅकअपनंतर बदललेला भाग साठवला जातो. यात वेळ आणि जागा वाचते, शिवाय जुन्या तारखेची फाइलही मिळू शकते.

साखळी कुठे तुटते?

शुक्रवारची स्थिती परत आणायची, तर रविवारची प्रत आणि पुढचे पाचही बॅकअप लागतात. बुधवारचा बॅकअप खराब निघाला, की गुरुवार-शुक्रवारचे शाबूत असूनही काम अडते. जागा रिकामी करताना ‘जुनी’ म्हणून रविवारची मूळ प्रतच उडवली, तर सगळी साखळी कोलमडते. बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर तीही लॉक करू शकते.

बॅकअप झाला, हे कसे कळणार?

डेटा परत मिळवून पाहिल्यावरच. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस चुकून डिलीट झाला. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने नेहमीचा बॅकअप होतच नव्हता. इशाऱ्याचे ईमेलही नाकारले जात होते, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला.

काय करावे?

• ठरावीक काळाने नवी पूर्ण प्रत घ्या, म्हणजे साखळी लांबत नाही.

• जुने बॅकअप हाताने डिलीट करू नका. ते काम सॉफ्टवेअरवर सोपवा.

• एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा. एक प्रत इंटरनेट आणि कॉम्प्युटरपासून तोडलेली असू द्या.

• सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक केलेल्या फोनवर फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जाऊ शकतो.

• दर काही महिन्यांनी एखादे फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत आणून, फाइल्स उघडून पाहा. ‘बॅकअप पूर्ण’ या संदेशावर विसंबू नका.