'वय झालं' म्हणजे नक्की काय झालं?



वस्तीत फिरताना मी हे सतत ऐकते. एखादी आजी मंडळाच्या बैठकीला येईनाशी झाली, की घरचे म्हणतात, "वय झालं, आता पाय चालत नाहीत." दवाखान्यातही तेच सांगून मलम देतात, नि विषय संपतो.

उतारवयात स्नायू झिजतात, हे खरं. पण बाईची झीज केवळ वयाची नसते. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात. डाळ-दूध तर जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर. त्यावर "आता बसून राहा" ही माया! बसून स्नायू अधिकच गळतात. उलट, १९९० साली अमेरिकेत नव्वदीतल्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली.

महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे एसटीचं तिकीट माफ आहे. पण एसटीची ती उंच पहिली पायरी?

पुढच्या बैठकीत एक खुर्ची मांडा. हात छातीशी घेऊन पाच वेळा उठायचं-बसायचं. १५ सेकंदांहून जास्त लागले, तर डॉक्टरांकडे जायचं, आणि मलमावर न भागवता व्यायाम शिकवायला सांगायचं. सोबत आपल्यापैकी एकीने जावं.