पियानो शिकायचाय? आधी लोकल पकडा!

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरात राहत असाल, तर आठवून बघा, खराखुरा पियानो शेवटचा कधी पाहिलात? लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असतो तो कीबोर्ड. आपण त्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतो. त्याला बहुतेक वेळा 61 पट्ट्या, पियानोला 88. पण खरी अडचण पट्ट्यांची नाहीच. शिकवणार कोण, ही आहे.

यूट्यूबवर येव्हगेनी किसिन शोधा. 1984 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, या रशियन मुलाने मॉस्कोत शोपँचे दोन्ही पियानो कन्चेर्टो एकाच मैफलीत वाजवले. आपण 'जीनियस आहे यार' म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण सहाव्या वर्षी हा पोरगा ग्नेसिन संगीतशाळेत आला तेव्हा त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, नुसतं ऐकून वाजवायचा. अॅना कँटर या शिक्षिकेने त्याला हाताशी घेतलं. पुढे जगभर नाव झालं, तरी शिक्षिका तीच. नंतर त्या किसिन कुटुंबासोबतच राहिल्या आणि 2021 मध्ये, 98 व्या वर्षी वारल्या. आपल्याकडे शिष्य गुरूच्या घरी राहायचा, इथे उलटंच!

कँटरबाई मोठ्याच, पण त्यांच्यामागे अख्खी व्यवस्था होती. सोव्हिएत काळात शहराशहरांत मुलांच्या सरकारी संगीतशाळा होत्या. फी नाममात्र. वाद्यासोबत स्वरज्ञान आणि समूहगानही. त्या राजवटीचे गोडवे गायचे नाहीत मला, पण हे काम त्यांनी पक्कं केलं.

ती पद्धत मुंबईतही पोचली आहे. 2006 मध्ये एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि मॉस्कोत शिकलेले कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेंगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. नावात इंडिया, पण त्यातले बरेच वादक परदेशी, कारण इतक्या तयारीचे वादक इथे मिळेनात. ते घडवायचे तर लहानपणापासूनच, म्हणून 2012 मध्ये रशियन पद्धतीने शिकवणारी अकादमी निघाली. ती नरिमन पॉइंटला. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर, पुढे बस. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा हा प्रवास कोणते आईबाबा करतील?

'आपल्याला कशाला हवाय पियानो?' असं कुणी म्हणेल. ठीक, तबला घ्या, पेटी घ्या. शाळेत तरी कोण शिकवतं? माझ्या शाळेत वेळापत्रकात संगीताचा तास होता, पण त्या तासाला गणित व्हायचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको, असं लिहिलंय. पण भिंत पाडायला निदान एक शिक्षक तरी नेमायला हवा ना?

उल्हासनगरला महापालिका आहे, अंबरनाथ आणि बदलापूरला नगरपरिषदा. पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात आले की रस्ते आणि पाण्यासोबत हेही विचारा: तुमच्या शाळांमध्ये संगीतशिक्षक किती?