तीनात एक म्हणजे सहात दोन नव्हे!

कन्सल्टंट मंडळींनी रागावू नये. (रागावलात तरी हरकत नाही, मीही त्याच पंगतीत बसून जेवतो.) पण असेंब्ली लाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण गाड्यांच्या क्रमाचे नियम ज्या पद्धतीने भरतो, त्याला 'कॉन्फिगरेशन' म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. क्लायंटच्या जुन्या एक्सेलमधून आकडे उचलायचे, नव्या स्क्रीनवर टाइप करायचे, सही घ्यायची आणि गो-लाइव्हचा केक कापायचा. झालं!

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकाच लाइनवरून नाना तऱ्हेच्या गाड्या जातात. कुणाला सनरूफ, कुणाला नाही. सनरूफ बसवायला वेळ जास्त लागतो, म्हणून अशा गाड्या एकामागोमाग आल्या तर त्या स्टेशनवरचा माणूस मागे पडतो. म्हणून नियम करतात : सलग कुठल्याही 3 गाड्यांत सनरूफवाली जास्तीत जास्त 1. असे दहा-वीस नियम एकत्र पाळून दिवसाचा क्रम लावायचा. संगणकशास्त्रात हा प्रश्न 1986 पासून अभ्यासला जातोय. 'रेनो' कंपनीच्या अशाच प्रश्नावर तर 2005 मध्ये स्पर्धाच झाली होती, आणि त्यात रंग कमीत कमी वेळा बदलण्याची पेंट शॉपची अटही होती. प्रश्न अवघड आहे, हे सिद्ध झालेलं आहे. त्यावर भल्याभल्यांनी डोकं झिजवलंय. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे : हा '3' आला कुठून?

चला, हिशोब करू. समजा दर 60 सेकंदांना एक गाडी येते. साध्या गाडीवर त्या स्टेशनला 40 सेकंदांचं काम आहे, सनरूफवालीवर 100 सेकंदांचं. म्हणजे सनरूफवाली गाडी 40 सेकंदांचं कर्ज करते आणि साधी गाडी 20 सेकंद फेडते. कर्ज फिटायला दोन साध्या गाड्या हव्यात. म्हणून 3 मध्ये 1. इतकं सोपं आहे! पण हा हिशोब प्रोजेक्टच्या कुठल्या कागदावर पाहिलाय तुम्ही? मी तरी नाही पाहिला.

आता गंमत बघा. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "3 मध्ये 1 जरा कडक होतंय, 6 मध्ये 2 करून टाका, सरासरी तीच ना!" सरासरी तीच, पण 6 मध्ये 2 म्हटलं की त्या दोन गाड्या लागोपाठ आलेल्या चालतात. स्टेशनची लांबी दोन गाड्यांपुरती, म्हणजे गाडी तिथे 120 सेकंद असते असं धरा. पहिल्या सनरूफचं काम 100 व्या सेकंदाला संपतं. दुसरी गाडी 60 व्या सेकंदाला आत आलेली आहे आणि 180 व्या सेकंदाला बाहेर जाणार आहे. तिचं काम संपेल 200 व्या सेकंदाला. ते 20 सेकंद कुठून आणायचे? तो माणूस हातात टूल घेऊन गाडीमागे पुढच्या स्टेशनमध्ये धावतो, नाहीतर लाइन थांबवतो, नाहीतर एखादा बोल्ट 'नंतर बघू' म्हणून सोडतो. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार. कारण नियम मोडलेलाच नाही!

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मागणी वाढली, लाइनचा वेग वाढवला, 60 ऐवजी 54 सेकंदांना गाडी. फरक फक्त 6 सेकंदांचा. पण आता सनरूफचं कर्ज 46 सेकंद आणि साध्या गाडीची फेड फक्त 14. फेडायला तीन साध्या गाड्या पुरत नाहीत, चार लागतात. म्हणजे नियम झाला 5 मध्ये 1! सनरूफवाल्या गाड्यांचं प्रमाण 33 टक्क्यांवरून 20 वर आणायला हवं. आणि सॉफ्टवेअरमध्ये? तिथे तो जुना '3' तसाच बसलेला असतो, कारण लाइनचा वेग एका स्क्रीनवर आणि नियम दुसऱ्या स्क्रीनवर, दोघांची ओळखच नाही.

मग उल्लंघनांचा पाऊस पडतो आणि सगळे ऑप्टिमायझरला शिव्या घालतात. अरे, दिवसाच्या 300 गाड्यांत सनरूफवाल्या 120 विकल्या असतील आणि नियम 3 मध्ये 1 असेल, तर जागा 100 गाड्यांचीच आहे. उरलेल्या 20 साठी ब्रह्मदेवाने क्रम लावला तरी बसणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ही साधी भागाकाराची तपासणी ऑप्टिमायझर चालवण्याआधी व्हायला हवी. तिच्यासाठी नवा सर्व्हर लागत नाही.

मी पाहिलेल्या एका कारखान्यात (नाव विचारू नका) जवळजवळ सगळ्याच नियमांना प्राधान्य 1 दिलेलं होतं. प्रत्येक विभागप्रमुखाला आपला नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि आपल्या मंडळींनी मुकाट्याने भरला. सगळेच पहिले म्हणजे कुणीच पहिला नाही. शेवटी प्लॅनर रोज क्रम हाताने बदलायचा, एक्सेलमध्ये. ये रे माझ्या मागल्या!

यावर नेहमीचं उत्तर येतं : "ग्राहकाला तारीख दिलेली असते, लाइनच्या सोयीने धंदा चालत नाही." मान्य. मग त्या दिवशी त्या स्टेशनवर एक जादा माणूस द्या आणि त्याचा खर्च उघड मांडा. तो खर्च लपवून कामगाराच्या पायांवर टाकणं म्हणजे धंदा नव्हे.

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक नियमाशेजारी त्याचं कारण लिहायला रकाना असावा, तोही सक्तीचा : कुठलं स्टेशन, किती सेकंद, कुणी मोजले, कधी मोजले. लाइनचा वेग बदलला की ते सगळे नियम आपोआप 'तपासा' म्हणून लाल व्हावेत. आणि रिपोर्टमध्ये 'उल्लंघनं : 14' असला निरर्थक आकडा न देता कुठल्या स्टेशनवर किती सेकंद कमी पडणार ते सांगावं. सेकंद सुपरवायझरला कळतात, 14 चं त्याने काय करायचं?

हे करायला फार तर दोन आठवडे जास्त लागतील. स्टॉपवॉच घेऊन उभं राहावं लागेल, सेफ्टी शूज चावतील, एसी नसेल. पण '3' हा आकडा कुणाच्या तरी पावलांचा हिशोब आहे. तो न मोजता भरायचा असेल तर निदान इनव्हॉइसवर 'डेटा एन्ट्री' असं लिहा, म्हणजे क्लायंटला कळेल की तो कशाचे पैसे देतोय.